डाऊन सिंड्रोम : आईचा दोष काय?

१९५९ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवून दिले की, एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने डाऊन सिंड्रोम होतो. तरीही आपल्याकडे ग्रहण आणि मागच्या जन्मीचे पाप काढून आईलाच दोषी ठरवतात!

अशा जवळपास निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो. तो वेळीच कळला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात या बालकांची तपासणी २०१३ पासून आहे. पण चोपडा, यावल, साक्रीच्या मजूर आईने रोज बुडवून जळगाव-धुळ्याच्या किती खेपा घालायच्या? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगांना हक्क दिले, ते दाखल्यावाचून अडतात. तपासणी आणि दाखला तालुक्यालाच मिळाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.