बांधावरची बाटली बंद करा

भाताची लावणी तोंडावर आली की भोर आणि वेल्हे भागात एकच धावपळ उडते. आवण तयार झालेलं असतं, पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि गडीमाणसं मिळता मिळत नाहीत. अशा वेळी मजुरी किती, जेवण कुणाचं, एवढं ठरलं की आणखी एक बोली हळूच होते. 'संध्याकाळचं काय?' संध्याकाळचं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. काही ठिकाणी तर तेवढाही धीर नसतो. चिखलणी चालू असतानाच दुपारी बाटली बांधावर येते. मजुरी, न्याहारी, तंबाखूची पुडी आणि दारू असा हिशेब आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही वावगं आहे असंच कुणाला वाटत नाही.

पूर्वी इर्जिक असायची. एकमेकांच्या शेतावर राबायचं आणि दुपारी एका पंगतीला पोटभर जेवायचं, अशी ती रीत. आता पंगतीची जागा बाटलीनं घेतली आहे. आणि ती आणून देणारा मजूर नसतो, मालक असतो. म्हणून हा लेख मजुरांना उपदेश करण्यासाठी नाही. जो कामावर बोलावतो त्याच्यासाठी आहे. मग तो शेतकरी असो, मुकादम असो, ट्रॅक्टरवाला असो की सरपंच.

'ज्याच्या त्याच्या पैशानं तो पितो, आपण कशाला बोलायचं?' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण कामाच्या जागी घेतलेली नशा एकट्याची राहत नाही. शेजारी दुसरा माणूस उभा असतो. जुन्या काळी गडी झिंगला तरी बैल बिचारे घरची वाट धरायचे. पॉवर टिलर, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मळणीयंत्र यांना घरची वाट ठाऊक नसते. मळणीयंत्रात पेंढी लोटताना हात कुठं थांबवायचा, हे पाव क्षणात ठरतं. तो पाव क्षणच दारू खाऊन टाकते.

आपल्या भागातली कितीतरी पोरं रोज शिरवळला आणि खेड-शिवापूरला कारखान्यांत कामाला जातात. कारखान्यात दारू पिऊन यंत्रावर उभं राहता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तिथं पर्यवेक्षक असतो, नियम असतो, नोकरी जायची भीती असते. तोच पोरगा सुट्टीच्या दिवशी घरच्या खळ्यावर येतो आणि दोन घोट घेऊन मळणीयंत्रापुढं उभा राहतो. तिथं त्याला अडवणारं कुणी नसतं. कारखान्यातला हात आणि खळ्यावरचा हात काय वेगळा आहे? शेतालाही नियम पाहिजे आणि तो मालकानंच केला पाहिजे.

आता काही समजुतींचं बघू. 'पावसात, चिखलात दारूनं ऊब येते' असं सर्रास म्हणतात. खरं उलटं आहे. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून अंग गरम वाटतं. पण त्यामुळंच शरीरातली उष्णता भराभर बाहेर जाते आणि भिजलेला माणूस लवकर गारठतो. 'ताकद येते' हेही खरं नाही. थकवा जात नाही, तो फक्त कळेनासा होतो. थकलेला माणूस थांबतो. थकवा न कळणारा माणूस हातपाय मोडेपर्यंत थांबत नाही.

सगळ्यात मोठा धोका फवारणीचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती दुर्घटना दारूमुळं झाली असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यातून आपण एक गोष्ट शिकायला हवी. कीटकनाशकाची बाधा झालेला माणूस सुरुवातीला कसा दिसतो? चक्कर, ओकारी, अडखळती चाल, बरळणं. म्हणजे हुबेहूब प्यायलेल्यासारखा. जिथं फवारणीवाला रोजच पिऊन येतो, तिथं लोक म्हणतात, 'चढली आहे, झोपू द्या.' झोपवलेला माणूस मग उठतच नाही. म्हणून लक्षात ठेवा: खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं, दम लागणं, यांतलं काही दिसलं तर ती विषबाधा समजून चाला. औषध लागलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्याची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

तंबाखूचंही तेच. फवारणीच्या हातानं तंबाखू मळून ओठाखाली धरली, की औषध थेट तोंडात जातं. बायाबापड्यांच्या मिश्रीलाही हाच नियम. हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाकडे न्यायचा नाही आणि फवारा चालू असताना तर तंबाखूची पुडी रानात आणायचीच नाही.

आता पैशाचा हिशेब मांडू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. पण अमली पदार्थांच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात या योजनेत बसत नाही. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या बाटलीपायी माणूसही जातो आणि मागं राहिलेल्या बाईचा दोन लाखांचा आधारही जातो. ट्रॅक्टर सडकेवर आला की तो मोटार वाहन कायद्यात येतो. दारू पिऊन वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली आहे.

हे सगळं शेतकऱ्यानं पाळायचं आणि कार्यालयात मात्र कोपरे लाल, असं चालणार नाही. शासकीय कर्मचाऱ्यानं कामावर असताना नशेत असू नये, असं १९७९ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून बंदी आहे, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी गावच्या चावडीच्या जिन्यात पिचकाऱ्या दिसतात. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, सोसायटी, शाळा आणि आमचं कृषी खातं, यांनी आधी आपलं अंगण झाडावं. मगच शेतकऱ्याला चार शब्द सांगायचं तोंड राहील.

करायचं काय? पाच गोष्टी सांगतो, एकीलाही मोठा खर्च नाही. पहिली, मजुरी पूर्ण रोखीनं द्या; बाटली, पुडी बोलीत धरू नका. त्या पैशाचा दुपारचा चहा आणि पोटभर न्याहारी द्या. दुसरी, यंत्र भाड्यानं देताना आणि घेताना एकच अट घाला: प्यायलेला माणूस यंत्राला हात लावणार नाही, लावला तर यंत्र बंद. तिसरी, हे गावातल्या सगळ्या मालकांनी मिळून ठरवा. एकट्यानं ठरवलं तर त्याचे गडी शेजारी पळवतो आणि नियम तिथंच मोडतो. लावणीआधीच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. चौथी, फवारणीच्या आणि यंत्राच्या शिबिरात व्यसनावर अर्धा तास राखून ठेवा. गावच्या आरोग्य सेवकाला बोलवा. पाचवी, जो सापडेल त्याला चारचौघांत अपमानित करू नका. त्या दिवशी यंत्रावरून बाजूला करा, दुसरं हलकं काम द्या किंवा घरी पोचवा, आणि उतरल्यावर एकटं गाठून बोला.

कारण व्यसन हा आजार आहे. आणि एक इशारा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असा जिवाला धोका होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांकही आहे. चावडीच्या फळ्यावर तो लिहून ठेवायला काय हरकत आहे?

गावच्या बायांनी मनात आणलं तर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. २००८ च्या शासन आदेशानं, गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर परवान्याच्या दारू दुकानावर मतदान घेता येतं आणि निम्म्याहून अधिक महिलांनी 'आडवी बाटली' केली तर दुकान बंद होतं. पण दुकान बंद करायला मतदान लागतं. आपल्या बांधावरची बाटली बंद करायला कुणाचा आदेश लागत नाही. तिथं मालक आपणच आहोत.

यंदाच्या लावणीला गडी सांगताना 'संध्याकाळचं काय?' असा प्रश्न आला तर उत्तर तयार ठेवा: 'संध्याकाळी पूर्ण मजुरी, आणि धडधाकट हातपाय घेऊन घरी.'