रोग बांधापलीकडे, फवारा आपल्या पिकावर



पीक करपू लागले की कृषी केंद्रवाला एक बाटली काढतो, साहेब दुसरी लिहून देतात. विषाणू मारणारे औषध दोघांकडेही नाही. मरते ती कीड. ती कुठून आली हे कोणी विचारीत नाही.

२००० साली आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात सव्वादोन लाख हेक्टर भुईमुगाला शेंडे जाळणारा विषाणू लागला. नुकसान ३०० कोटींच्या वर. शास्त्रज्ञांनी माग काढला तो गाजरगवतापर्यंत गेला. विषाणू त्याच्या परागात. गवत मात्र हिरवेगार, रोगाची खूणही नाही. फुलकिडे परागाने माखून वाऱ्यावर येतात, पान खरवडतात, त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. आपल्या कपाशीवरही तो सापडला आहे.

शेतातले फुलकिडे मारले तरी उद्या नवे हजर, कारण गवत फुललेले आहे. कुठे? रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, सरकारी पडीत. १९५५च्या सुमारास ते पुण्यात प्रथम डोळ्यावर आले. तेव्हापासून कोणत्या खात्याने उपटले? गवत सरकारचे, फवाऱ्याची उधारी आपली!

अनंतपूरनंतर तज्ज्ञांनी उपाय सांगितला: शेताभोवती ज्वारी-बाजरीची चार तासे दाट पेरा, उंच आडोशाला फुलकिडे अडतात. भाव न देता शेतातून हाकललेली तीच ज्वारी!

तासे आपण पेरू. पण रस्त्या-कालव्याकडेचे गवत फुलोऱ्यापूर्वी रोजगार हमीतून उपटणार की नाही, हे तहसीलदारांना लेखी विचारायचे आहे. बैठकीला येताना आपल्या शिवारातल्या अशा जागा लिहून आणा.