माळव्यातून : शुश्रूषेचा गणवेश

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला, हे धार-देवासच्या मराठी घरांतही सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान या परिचारिका होत्या, हे मात्र थोड्यांच्याच स्मरणात असते. युद्धकथेत शस्त्रक्रिया करणारा लक्षात राहतो. रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागणारीचे नाव मागे पडते.

आपल्या देशातील लष्करी परिचर्येचा आरंभ मुंबई बंदरात झाला. १८८८ मध्ये दहा इंग्रज परिचारिका तेथे उतरल्या, पण त्या गोऱ्या सैनिकांसाठी. हिंदी शिपायांच्या वाट्याला अशी शुश्रूषा यावयास पहिले महायुद्ध उजाडावे लागले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी या सेवेस कायम स्वरूप मिळाले. दुसऱ्या महायुद्धात तिच्या परिचारिका ब्रह्मदेश, सिंगापूर, इजिप्त, इटलीपर्यंत गेल्या, आणि १९४३ च्या अध्यादेशाने त्यांना लष्करी अधिकाऱ्यांचा दर्जा प्राप्त झाला.

त्या काळी या सेवेत अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती मुलींचाच भरणा अधिक होता. परक्याच्या जखमा धुणे आमच्या घरांना कमीपणाचे वाटे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देवविले, तेव्हा त्यांना याच पूर्वग्रहाशी झुंजावे लागले.

तो पूर्वग्रह अद्याप सरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील बारावीच्या एका हुशार विद्यार्थिनीने पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील परिचर्येच्या पदवीसाठी अर्ज करण्याची इच्छा दर्शविली. चार वर्षांचे शिक्षण आणि नंतर लेफ्टनंटपद, हे मी तिच्या वडिलांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "सर, डॉक्टर होत असेल तर कर्ज काढीन, पण नर्स नको. सोयरिकीच्या वेळी लोक काय म्हणतील?" अर्ज भरलाच गेला नाही.

वाचकहो, आपले पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, हे आपण अभिमानाने सांगतो. १८१८ पासूनची महूची छावणी आपल्या शेजारीच आहे. सैन्याचे आपल्याला वावडे नाही. मग त्याच सैन्यातील जखमींची सेवा करणाऱ्या अधिकारीपदाला आपण हलके का लेखावे? स्वतः इस्पितळात पडलो की "सिस्टर" या हाकेत केवढा विश्वास असतो! तोच शब्द आपल्या मुलीला लागू होताच आपल्याला संकोच वाटतो, ही विसंगती आहे.

प्रवेशपरीक्षांचे दिवस दरवर्षी येतात. यंदा आपल्या घरातील एखादी मुलगी हा विचार बोलून दाखवील, तर सोयरिकीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा आणि तिला एवढेच विचारावे की, अर्जाची मुदत केव्हा संपते?