कचरागाडीत टाकण्याआधी ट्रंक नीट बघा

2017 पासून सलग काही वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर इंदूरने पटकावला, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण दिवाळीच्या आवराआवरीत सुका कचरा म्हणून काय काय गाडीत जातं ते पाहिलं की पोटात तुटतं. रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर इथली मराठी घरं पाडून फ्लॅट होताहेत. ट्रंका रिकाम्या होतात आणि तळाशी जुने दिवाळी अंक, कॅलेंडरं निघतात. एखाद्या घरी आजोबांनी जपून, म्हणजे लपवून, ठेवलेला पत्त्यांचा कॅटही निघतो. पत्त्याच्या पाठीवर तोकड्या झग्यातली गोरी बाई वाऱ्याने उडणारा झगा सावरत हसत असते. घरात एकच हशा पिकतो, मग कुणाला तरी लाज वाटते आणि कॅट कचऱ्यात जातो.

तो टाकू नका. या चित्रांना तिकडे पिन-अप म्हणतात. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातली ब्राउन अँड बिगेलो ही कंपनी जाहिरातीची कॅलेंडरं आणि पत्ते छापायची, आणि गिल एल्वग्रेन हा चित्रकार 1945 ते 1972 तिच्यासाठी अशा बायका रंगवत होता. योगायोग असा, की 1945 सालीच चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या सुंदरी ही आपली मराठी पिन-अपच म्हणा ना! फरक इतकाच, की आपल्या बाईच्या हातात पूजेचं तबक असायचं, त्यामुळे अंक बैठकीत ठेवता यायचा.

पुरुषांना काय पाहायला आवडायचं त्याचीच ही चित्रं, हे खरं. कुणाला ती खटकली तर त्यात चूक नाही. पण त्या काळचा कागद, शाई, फॅशन, जाहिरात आणि हौस हे सगळं एकत्र असं दुसरीकडे सापडत नाही. आणि चित्रकार देवळालीकरांनी जिथे 1927 साली चित्रशाळा काढली, जिथे बेंद्रे आणि हुसेनसारखे चित्रकार शिकले, त्या इंदूरने तरी छापील चित्राला रद्दी म्हणू नये.

आता काय करायचं ते. कॅट असेल तर 52 पाने आणि जोकर मोजा. खोकं फाटकं असलं तरी ठेवा, कारण कंपनीचं नाव त्यावर असू शकतं. रबरबँड काढा, ते सुकून पानांना चिकटतं. त्या पानांनी रमी खेळू नका. फाटलेलं पान सेलोटेपने जोडू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ फ्रेम करायला फाडून काढणारे लोक मला समजतच नाहीत. वर्ष आणि चित्रकाराचं नाव आतल्या पानावर असतं, ते गेलं की चित्र अनाथ होतं. गंजलेल्या पिना मात्र हलक्या हाताने काढा. ट्रंक पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका, आणि अधूनमधून उघडून कसर लागली नाही ना ते बघा. आजी हयात असेल तर हे कुणी, कुठून आणलं ते विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पत्त्यावर नको.

देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी किंवा झोपाळ्यावरची मोहिनी असेल तर खाली ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असं छापलंय का पाहा. एवढ्याने खात्री होत नाही, पुनर्मुद्रणंही पुष्कळ आहेत. भिंग लावा. सगळीकडे एकसारख्या ठिपक्यांची नक्षी दिसली तर प्रत अलीकडची आहे, दगडावरून छापलेल्या जुन्या प्रतीत दाणे वेडेवाकडे दिसतात.

आणि चुकून गोल, हाताने रंगवलेले, लाखेसारखे चकचकीत पत्ते हाती लागले तर ती गंजिफा. सावंतवाडीला ती आजही बनते. दशावतारी गंजिफेत 120 पाने असतात. पाच-सहाच उरली असली तरी ठेवा, आणि मळकी दिसतात म्हणून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, रंग निघून येईल.

विकायचंच असेल तर दारावरच्या कबाड्याला किलोने देऊ नका. आधी प्रत्येक पानाचे फोटो काढा आणि दोन-तीन संग्राहकांना भाव विचारा. निवडक चार पाने काढून मागणाऱ्याला नाही म्हणा. संच फुटला की उरलेल्या पानांना कुणी विचारत नाही. एखाद्या वाचनालयाला द्यायचं ठरवलं तर ते कुठे आणि कसं ठेवणार, हे देण्याआधी स्वतः जाऊन पाहून या.