पदवी हाती आली, पण काम येते का?

अमेरिकेत केवळ पावलांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात. पूर्वी त्यांना कायरोपोडिस्ट म्हणत. कुरूप कापणे, घट्टे खरवडणे, बोटात रुतलेले नख काढणे एवढेच त्यांचे काम, अशी लोकांची समजूत असे. या विद्येचे न्यू यॉर्कचे महाविद्यालय १९११ साली निघाले, शिकागोचे १९१२ साली. आज हेच डॉक्टर घोट्याच्या व पावलाच्या शस्त्रक्रियाही करतात. कॉलेजच्या शिक्षणानंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम, तीन भागांची राष्ट्रीय परीक्षा आणि रुग्णालयातील निवासी उमेदवारी, असा त्यांचा मार्ग आहे.

इतके शिकूनही नोकरी देणारे विचारतात, की या नव्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून काम येईल काय? प्रश्न अमेरिकेचा असला तरी आपणही त्याचा विचार करावा असा आहे.

याचे कारण मधुमेह. २०२१ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणे अमेरिकेत ३ कोटी ८४ लाख लोकांना हा रोग होता. आपल्या मॉरिशसमध्ये तर प्रौढांपैकी साधारण पाचातील एकाला तो आहे. साखर वाढून मज्जातंतू बिघडले की पाऊल बधिर होते. बुटातला खडा टोचत नाही, जखम होते, ती चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. नव्या डॉक्टरच्या तयारीची परीक्षा येथे होते. त्याने चूक केली तर रोग्याचा पाय जातो.

मालकांच्या अपेक्षा तरी कोणत्या? शस्त्र धरता येणे ही पहिली. पण ते उमेदवारीत बरेच शिकवले जाते. २०११ साली नियम बदलून सर्वांसाठी तीन वर्षांची उमेदवारी ठरली. हेतू चांगला होता, परंतु जागा पुरेशा नव्हत्या. २०१३ च्या सुमारास पदवी घेतलेल्या अनेक तरुणांना उमेदवारीची जागाच मिळाली नाही. उमेदवारीवाचून बहुतेक संस्थानांत परवाना नाही, आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. पुढे जागा वाढल्या आणि हा पेच सुटला. तरी धडा राहतोच: तयारीची अट वाढवणाऱ्याने तयारीची सोयही आधी करून ठेवली पाहिजे.

दुसरी अपेक्षा तपासण्याची आणि लिहिण्याची. पासष्टी उलटलेल्या लोकांसाठी तेथे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. नुसती नखे कापण्याचे पैसे ती देत नाही. रोग्याला मधुमेहासारखा विकार असेल आणि पायाची नाडी लागत नाही, बोट पूर्वी कापलेले आहे, पाय सुजतो, जळजळतो अशी ठराविक लक्षणे डॉक्टरने पाहून नोंदवली असतील, तरच देते. घाईत नोंद राहिली तर बिल परत येते. यात मालकाचे नुकसान आहे. पण नोंद नाही म्हणजे पुष्कळदा नाडी पाहिलीच नाही, हे रोग्याचे नुकसान त्याहून मोठे.

तिसरी अपेक्षा इतरांबरोबर काम करण्याची. १९९३ पासून मेडिकेअर मधुमेहाच्या रोग्यांना वर्षाला खास बुटांचा एक जोड देते. पोडियाट्रिस्ट ते बूट लिहून देऊ शकतो, मापही घेऊ शकतो. परंतु रोग्याला त्यांची गरज आहे असा दाखला त्याच्या मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच द्यावा लागतो. दोघांचे बोलणे झाले नाही तर कागद अडकतो आणि रोगी जुन्याच बुटात फिरतो. परिचारिका, बूट बनवणारा, मधुमेहाचा डॉक्टर यांच्याशी सरळ व आदराने बोलता येणे ही कामाची विद्याच होय.

चौथी अपेक्षा रोग्याला समजेल असे सांगण्याची. रात्री पाय बघा, बोटांच्या मधली जागा कोरडी ठेवा, अनवाणी चालू नका, या साध्या गोष्टी. पण म्हाताऱ्याला वाकता येत नसेल तर तो तळवा बघणार कसा? आरसा वापरा, नाही तर सुनेला दाखवा, हे सुचवायला त्याच्या घराची चौकशी करावी लागते.

या विद्येत आपल्या भारताचाही वाटा आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर उपचार करीत होते. बधिर हातापायांना रोगापेक्षा न कळलेल्या जखमा अधिक नासवतात, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. १९६६ साली ते अमेरिकेत कार्व्हिलच्या सरकारी रुग्णालयात गेले. तेथील मंडळींनी हेच ज्ञान मधुमेही पायांना लावले. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श कळतो की नाही हे बघण्याची तपासणीही तेथूनच पसरली. तिला यंत्र लागत नाही. बूट-मोजे काढायला लावण्याची सवय मात्र लागते.

आता ही तयारी कोणी करून द्यावी? मालक म्हणतात, महाविद्यालयाने. महाविद्यालय म्हणते, उमेदवारीत होईल. उमेदवारी बहुतेक रुग्णालयात, तेथे शस्त्रक्रियेला मान. पुढची नोकरी मात्र अनेकदा खाजगी दवाखान्यात, जेथे दिवसभर नखे, घट्टे, जखमा आणि कागद. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही आपण हेच पाहतो. पाठाचे टाचण सुरेख असते, पण चाळीस मुलांपुढे उभे राहणे वर्गातच शिकावे लागते, आणि तेही मागे कोणी अनुभवी माणूस बसून बघत असेल तर. म्हणून पहिले वर्ष मालकाचीही जबाबदारी आहे. तयार माणूस मागायचा आणि शिकवायला वेळ द्यायचा नाही, हे न्यायाचे नव्हे.

आपली मुले परदेशी आरोग्याचे शिक्षण घ्यायला निघतात तेव्हा आईबाप फी आणि पगार विचारतात. आणखी तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती रोगी तपासेल? त्या वेळी जवळ कोण उभे असेल? पदवीनंतर उमेदवारीची जागा आणि परवाना मिळण्याची वाट खरोखर मोकळी आहे काय? येथील पदवी तेथे आणि तेथील येथे चालेलच असे नाही. अमेरिकेत पोडियाट्रिस्ट होण्यासाठी तेथील मान्य महाविद्यालयाचीच पदवी लागते.

आणि वाचकहो, घरात कोणाला मधुमेह असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे बूट-मोजे काढून बसवा. वर्षातून एकदा तरी पाय नीट तपासून घेणे हा रोग्याचा हक्क आहे.