सरकारने आखलेली फॅशन का टिकली नाही?

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशनिंग आले. खिसे, बटणे, चुण्या सारे मोजून. पुरुषांच्या पँटची खालची दुमडही बंद. मात्र १९४२ मध्ये सरकारने नामवंत डिझायनरांकडून साधे नमुने करून घेतले आणि सामान्य बाईलाही नेटका कपडा मिळाला, हे सहसा विसरले जाते. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसच्या ख्रिस्तियान दिओरने लांब, घेरदार स्कर्ट आणले. मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स (‘क्रिप्स योजने’वाले तेच) नाराज झाले, कापड निर्यातीसाठी हवे होते. हिशेब चुकीचा नव्हता. पण सहा वर्षे कूपन मोजलेल्या बायकांना तो ऐकायचा नव्हता. राजकन्या मार्गारेटनेही नवा घेर स्वीकारला. १९४९ मध्ये रेशनिंग उठले, तोवर स्कर्ट लांब झालेच होते.