सहज दोष

मुळेच्या पाण्याचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे, भीमेकडे. पण मुळशीच्या धरणांतून तें पश्चिमेस वळून भिऱ्याच्या वीजगृहावर कोंकणांत उतरतें. दाब व उतार नेतील तिकडे पाणी जातें. मनुष्याच्या पोटांतील रसांसही हाच नियम लागू आहे.

यकृताचें पित्त एका नळीनें येतें व स्वादुपिंडाचा पाचक रस दुसरीनें. दोहोंचा संगम लहान आंतड्याच्या आरंभीं, त्याच्या भिंतींत होतो. तेथें स्नायूंचें एक कडें द्वारपालाचें काम करितें. इटलीच्या ओड्डी यांनीं १८८७ सालीं त्याचें वर्णन केलें.

कांहीं थोड्या व्यक्तींत मात्र हा संगम जन्मतःच भिंतीबाहेर होतो व द्वारपालाचा ताबा तेथवर पोंचत नाहीं. स्वादुपिंडाच्या नळींतील दाब अधिक, म्हणून पाचक रस उलट चढून पित्ताशयांत सांचतो. त्याच्या दाहानें तेथील अस्तर वर्षानुवर्षें झिजतें, पुन्हा वाढतें, आणि त्यांतूनच पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. खडे असलेच पाहिजेत असें नाहीं. जपानांत १९९० ते २००७ या काळांतील अशा रुग्णांची देशभर पाहणी झाली. पित्तनळी न फुगलेल्या प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें ४२ जणांस पित्तमार्गाचा कर्करोग आढळला. त्यांतील बहुतेकांस तो पित्ताशयांतच होता.

संस्कृतांत 'सहज' म्हणजे जन्माबरोबर आलेलें. हा दोष त्या अर्थीं सहज आहे. तो ओळखणें मात्र सहज नव्हे. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्याच्या मानानें आपल्याकडे कमी, म्हणून आपण निश्चिंत असतों. शिवाय घरोघर 'पित्त झालें' म्हटलें कीं आवळा किंवा सोलकढी पुढें येते. आंबट ढेंकर वेगळा आणि उजव्या बरगडीखालीं वारंवार उठणारी कळ वेगळी, हें आमच्या भगिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावें. कारण हा दोष स्त्रियांत अधिक आढळतो, आणि स्वतःचें दुखणें मागें टाकण्याची संवयही त्यांनाच अधिक.

अशी कळ, कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह पुनःपुन्हा होत असेल, अथवा सोनोग्राफींत पित्ताशयाची भिंत जाड किंवा पित्तनळी फुगलेली दिसली, तर नळ्यांचा संगम कोठें आहे हें वैद्यांस स्पष्ट विचारावें. एम्. आर्. सी. पी. या चुंबकीय तपासणींत तो बहुधा दिसतो. दोष ठरल्यास, कर्करोग होण्यापूर्वींच पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. नळी फुगलेली असल्यास तीही काढून यकृताचा मार्ग आंतड्यास जोडतात. पित्ताशयावांचून मनुष्य उत्तम जगतो. पित्त तर यकृतच करीत असतें. म्हणून शस्त्रक्रियेच्या भयानें तपासणी लांबवूं नये.